कोरड्या भिंतीवरची बुरशी: एका कपाटाचं प्रकरण

भिंतीत बसवलेलं दोन दारांचं कपाट, जमिनीपासून थेट छतापर्यंत. त्याला पाठीचा वेगळा प्लाय नाही. घराची बाहेरची भिंत हीच कपाटाची पाठ. डाव्या बाजूला पलीकडे बाथरूम, उजव्या बाजूला घराचा बाहेरचा कोपरा. ही खोली आजींची, शेजारच्या खोलीत मुलगा आणि सून. कपाटाचं दार उघडलं की कुबट वास यायचा. उजव्या खालच्या कोपऱ्यात गुडघ्याच्या उंचीपर्यंत काळसर ठिपके, चामड्याच्या बॅगेवर राखाडी थर, लोकरी कोटावर पांढुरके डाग. थंडी पडायला लागली की हे सगळं उगवायचं, ऊन तापलं की थांबायचं. सलग तीन वर्षं हेच चाललं होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते एका गोष्टीमुळे. भिंत कोरडी होती. हात फिरवला तर कोरडी, टिशू पेपर दाबून धरला तर तोही कोरडा. रंग फुगलेला नाही, पोपडे सुटलेले नाहीत, खार फुटलेला नाही. बुरशी म्हटली की आपण पाणी शोधायला लागतो. इथे पाणी कुठेच नव्हतं, आणि म्हणूनच तीन वर्षं सगळे चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले.

आधी काय काय झालं होतं

पहिल्या वर्षी भिंत ब्लीचने पुसली आणि वरून बुरशीरोधक रंग दिला. रंग चांगला होता, लावलाही नीट होता. पुढच्या थंडीत ठिपके त्याच रंगावर आले. अशा रंगातलं औषध काही काळ बुरशीला थोपवतं, पण रंगावर धूळ आणि कपड्यांचे तंतू साचले की बुरशीला त्या थरावर वाढता येतं. भिंतीच्या पृष्ठभागाची परिस्थिती रंगाने काहीच बदललेली नसते.

दुसऱ्या वर्षी प्लंबर आले. बाथरूम पलीकडेच म्हटल्यावर संशय तिकडे जाणं साहजिक होतं. टाइल्सचे सांधे खरवडून नवं ग्राउट भरलं, पाण्याची लाइन दाब देऊन तपासली, शॉवरखालच्या कडा सील केल्या. गळती सापडली नाही. पण एवढी तोडफोड झाल्यावर काहीतरी उपयोग झालाच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं.

तिसऱ्या वर्षी सूनबाईंनी ओल शोषणाऱ्या डब्या आणल्या, कॅल्शियम क्लोराइडच्या खड्यांच्या. डब्या भराभर पाण्याने भरू लागल्या, त्यामुळे त्यांचा विश्वास बसला. "एवढं पाणी निघालं म्हणजे कपाटातली ओल गेलीच ना?" हा प्रश्न मला अनेक घरांत ऐकू येतो. गेली नाही. कपाटाच्या दारांना सगळीकडून बारीक फटी असतात. डबी जेवढी वाफ ओढून घेते, तेवढी खोलीतून पुन्हा आत येते. भरलेली डबी एवढंच सांगते की खोलीच्या हवेत वाफ भरपूर आहे. तो पुरावा चांगला होता, फक्त त्याचा अर्थ उलटा लावला गेला होता. हीच डबी किंवा सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवल्या तर कामाच्या आहेत, कारण पेटीत बाहेरची वाफ शिरत नाही.

मधल्या काळात आजींनी डांबरगोळ्या टाकल्या होत्या. त्या कसर लागू नये म्हणून असतात, बुरशीवर त्यांचा उपयोग म्हणावा असा नाही. त्यांनी फक्त कुबट वास झाकला, आणि वास हीच इथली सगळ्यात लवकर मिळणारी सूचना होती. शिवाय या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ झोपायच्या खोलीत सतत असू नये. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवलं आहे. गोळ्या सगळ्यात आधी बाहेर काढायला लावल्या.

डागांचा नकाशा

कपाट रिकामं करण्याआधी मी ते जसं आहे तसं बघायला मागतो. लोक पाहुणा यायचा म्हणून आवरून ठेवतात आणि पुरावा जातो. इथे नशिबाने कुणी आवरलं नव्हतं.

ठिपके सगळ्यात दाट होते ते उजव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे बाहेरच्या दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात. तिथून वर आणि डावीकडे जाताना ते विरळ होत गेले. बाथरूमच्या भिंतीवर एकही ठिपका नव्हता. गळती असती तर उलट दिसलं असतं: डावीकडे जास्त, उजवीकडे कमी, आणि सहसा ओलीची एक पिवळसर कड.

मग सामान. मधल्या फळीवर ब्लँकेटांची चळत मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. चळतीची पुढची बाजू स्वच्छ, मागची बाजू डागाळलेली. कोटाचंही तसंच. भिंतीकडे जी पाठ होती तिच्यावरच डाग, दाराकडची बाजू नवी असल्यासारखी. डाव्या अर्ध्या भागात सामान कमी होतं, कपडे भिंतीपासून सुटे लटकत होते, आणि मागे बाहेरची तीच भिंत असूनही तिथे डाग जवळपास नव्हते. म्हणजे भिंत एकच, रंग एकच, आणि फरक कुठे? सामान कसं रचलंय त्यात.

वेळेचा हिशेब आजींकडून मिळाला. त्यांची आठवण पक्की होती. "सलग पाऊस लागला होता ना, तेव्हा मी रोज बघत होते. काही वाढलं नाही. थंडी पडली आणि आठ-पंधरा दिवसांत आलं." भिंतीतून पाऊस झिरपत असता तर पावसात किंवा त्याच्या पाठोपाठ डाग वाढला असता. जमिनीतून केशाकर्षणाने ओल चढत असती तर वर्षभर थोडीफार दिसली असती, आणि तिच्याबरोबर खारही आला असता. थंडीशी नेमकं जुळणारं दुखणं हे बहुतेक वेळा पाणी शिरण्याचं नसतं.

तरीही खात्रीसाठी दोन साध्या चाचण्या केल्या. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद चिकटवून दोन दिवस ठेवला. भिंतीच्या आतून ओल येत असेल तर प्लास्टिकच्या मागच्या बाजूला पाणी धरतं. खोलीतली वाफ भिंतीवर पाणी होऊन जमत असेल तर पुढच्या बाजूला. इथे दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या. मुलगा थोडा निराश झाला. त्याला वाटत होतं की चाचणी फसली. मला मात्र त्यातून मोठी गोष्ट कळली: पाणी शिरत नाही, आणि पाणी जमतही नाही. सुया टोचून ओल मोजणारं यंत्रही लावून पाहिलं, भिंत कोरडी असल्याचंच त्याने सांगितलं. या यंत्राबद्दल एक सावधगिरी. भिंतीत क्षार असतील तर ते कोरड्या भिंतीलाही ओली ठरवतं, कारण ते मोजतं वीजवहन. त्याने 'कोरडी' म्हटलं तर विश्वास ठेवायला हरकत नसते. 'ओली' म्हटलं की दुसरा पुरावा शोधावा.

बुरशीला पाणी लागत नाही

आता मुख्य मुद्दा. बुरशीला वाढायला थेंब लागत नाहीत. पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेच्या पातळ थरातली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे तो आकडा, साधारण ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकली की तिला पुरतं. काही जातींना त्याहून थोडी कमीही चालते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना घराबाहेर ठेवता येत नाही. खाद्यही घरातच असतं: धूळ, कागद, सुती तंतू, खळ, चामड्यावरचं तेल. आपल्या हातात राहते ती फक्त आर्द्रता, आणि तीही खोलीतली नव्हे, पृष्ठभागाजवळची.

या दोन्हींत फरक पडतो तो तापमानामुळे. हवा जेवढी गार, तेवढी ती कमी वाफ धरू शकते. २१ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १८ ग्रॅम वाफ मावते, १५ अंशांना १३ ग्रॅमच्या आतच. त्यामुळे खोलीत ६० टक्के असलेली हवा गार भिंतीपाशी गेली की, एक थेंबही वाफ वाढलेली नसताना, ८०-९० टक्क्यांवर जाते. हे सांगत असताना आजी म्हणाल्या, "म्हणजे थंडीतून घरात आल्यावर चष्म्यावर धुकं धरतं तसं." हो, तसंच, फक्त कपाटात धुकं धरण्याच्या जरा अलीकडेच सगळं थांबत होतं, म्हणून कुणाला दिसत नव्हतं.

पहाटे, बाहेर ८ अंशांच्या आसपास असताना मापं घेतली. खोलीची हवा २१ अंश, आर्द्रता ६२ टक्के. या हवेचा दवबिंदू साडेतेरा अंशांच्या जवळ येतो. म्हणजे एखादा पृष्ठभाग तेवढा गार झाला तर त्यावर पाणी दिसेल. खोलीतल्या उघड्या बाहेरच्या भिंतीचं तापमान १७.८ अंश होतं. तिथे पृष्ठभागाजवळची आर्द्रता ७६ टक्के निघते. काठावर, पण सुरक्षित. आणि खरोखरच त्या भिंतीवर डाग नव्हते. कपाटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ब्लँकेट आणि बॅगा बाजूला करताक्षणी इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर १४.५ अंश. हिशेब केला तर पृष्ठभागाजवळ ९३ टक्के. दवबिंदूपेक्षा फक्त एक अंश वर. थेंब नाही, ओल नाही, हाताला कोरडं, आणि बुरशीसाठी मेजवानी.

या पद्धतीचा विचार नवा नाही. जर्मनीच्या डीआयएन ४१०८ मानकाच्या दुसऱ्या भागात इमारतीच्या कोपऱ्यांसाठी अशीच अट आहे: आत २० अंश आणि ५० टक्के, बाहेर उणे ५ अंश असताना आतल्या पृष्ठभागाचं तापमान १२.६ अंशांच्या खाली जाता कामा नये. तो आकडा दवबिंदूचा नाही. त्या हवेचा दवबिंदू ९.३ अंश आहे. १२.६ हा पृष्ठभागावर ८० टक्के होण्याचा बिंदू आहे. पाणी दिसण्याच्या तीन अंश आधीच धोक्याची रेघ ओढलेली आहे.

कपाट स्वतःच भिंत गार करतं

उघडी भिंत १७.८ आणि कपाटातली भिंत १४.५, हा तीन अंशांचा फरक कुठून आला? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. 'भरलेलं कपाट म्हणजे भिंतीला पांघरूण, मग भिंत उबदार राहायला हवी' असं वाटतं. पांघरूण आहे खरं, पण ते चुकीच्या बाजूला आहे. बाहेरच्या भिंतीला ऊब मिळते ती खोलीकडून. कपाटाचं दार, त्यामागची हवा, कपड्यांचे थर, भिंतीला टेकवलेली ब्लँकेटं या सगळ्यांनी खोलीची ऊब भिंतीपर्यंत जाऊच दिली नाही. बाहेरचा गारवा मात्र भिंतीतून येतच राहिला. कोपऱ्यात दोन बाजूंनी बाहेर असल्याने तो दुप्पट जाणवतो. खाली जमिनीलगत हवा हलत नाही, म्हणून खालचा कोपरा सगळ्यात गार.

वाफेला मात्र असा अडथळा होत नाही. दाराच्या फटी, कापडाची वीण, ब्लँकेटातल्या पोकळ्या यांतून वाफ सहज जाते आणि काही तासांत कपाटातलं वाफेचं प्रमाण खोलीएवढं होतं. वाफ आत शिरते, ऊब शिरत नाही. कपाटातल्या बुरशीचं मूळ या एका विषमतेत आहे, आणि कपाट रिकामं असताना कधीच न दिसलेले डाग ते गच्च भरल्यावर का दिसू लागतात, हेही त्यातूनच कळतं. सूनबाईंना मग आठवलं की तीन वर्षांपूर्वी पलंगाखालचं सामान कपाटात हलवलं होतं.

ज्या घरांत उष्ण-दमट हवा आणि वातानुकूलन एकत्र आहे तिथे हेच उलट्या बाजूने घडतं. शेजारची खोली रात्रभर गार केलेली असते, मधली भिंत गार पडते, आणि त्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात दमट हवा शिरते. तिथे 'दारं उघडी ठेवा, हवा लागू द्या' हा नेहमीचा सल्ला नुकसान करू शकतो. बाहेरची हवा खोलीपेक्षा दमट असताना खिडकी उघडली की आपण वाफ आत घेत असतो. म्हणून कपाटाचा उपाय ठरवताना आधी विचारावं लागतं: गारवा कुठून येतोय आणि वाफ कुठून?

वाफ कुठून येत होती

गारव्याचं उत्तर मिळालं होतं. वाफेसाठी एक स्वस्त आर्द्रतामापक खोलीत ठेवायला दिला आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायला सांगितलं. काही दिवसांत नमुना दिसला. आकडा एरवी पन्नाशीत, आणि काही संध्याकाळी एकदम सत्तरीकडे चढायचा, मग रात्रभर उतरायचं नाव नाही. त्या संध्याकाळी काय होतं? थंडीत बाहेर कपडे वाळत नाहीत म्हणून आजींच्या खोलीत स्टँडवर वाळत घातलेले असत, खिडकी बंद ठेवून.

सूनबाईंना हे पटेना. "पिळून काढलेले कपडे, त्यात असतं तरी किती पाणी?" वाद घालण्यापेक्षा वजन केलेलं बरं. धुलाई यंत्रातून काढलेल्या कपड्यांची बादली वजनकाट्यावर ठेवली, वाळल्यावर तेच कपडे पुन्हा तोलले. फरक २ किलोच्या वर. तेवढं पाणी त्या खोलीच्या हवेत गेलं होतं. खोली सुमारे ३० घनमीटरची. २१ अंशांना तिची सगळी हवा काठोकाठ भरली तरी जेमतेम ५५० ग्रॅम वाफ धरते. म्हणजे कपड्यांच्या एका खेपेत खोलीच्या क्षमतेच्या जवळपास चौपट पाणी. ते सगळं एकदम हवेत राहत नाही. काही फटींतून बाहेर जातं, काही गाद्या, पडदे, लाकूड आणि कपाटातले कपडे शोषून घेतात, आणि पुढचे दोन दिवस हळूहळू परत सोडतात. म्हणून आकडा रात्रभर उतरत नव्हता.

बाथरूमचा वाटा अगदीच नव्हता असं नाही. अंघोळीनंतर दार उघडं टाकलं की वाफ खोलीत येत होती. पण एक्झॉस्ट फॅन होता, चालतही होता, फक्त दार उघडायच्या आतच तो बंद केला जायचा. अंघोळीनंतर दार लावून पंखा थोडा वेळ चालू ठेवायचा, एवढ्यावर ते निभावलं.

कोणता उपाय किती पुरेल

इथे आकड्यांचा खरा उपयोग झाला, कारण घरात दोन पक्ष होते. मुलाचं म्हणणं, कपाटात जाळी बसवू, हवा खेळती राहिली की झालं. सूनबाईंचं म्हणणं, मग कपडे वाळवायचं बंद करते, कपाटाला हात लावायची गरज नाही.

दोन्ही करून पाहण्याआधी हिशेब मांडला. सामान भिंतीपासून हातभर दूर करून आणि दारं उघडी ठेवून पाहिलं तेव्हा कोपऱ्याचं तापमान १६.२ अंशांपर्यंत चढलं होतं. खोली ६२ टक्क्यांवरच राहिली तर या तापमानाला पृष्ठभागाजवळ ८४ टक्के येतात. म्हणजे नुसती हवा खेळती करून भागत नाही. उलट, कपाट तसंच गच्च ठेवून खोली ५० टक्क्यांवर आणली तर कोपऱ्यात ७५ टक्के. हे चालेल, पण पाहुणे आले, दोन दिवस पाऊस लागला, एखादी रात्र जास्त गारठली की रेघ ओलांडली जाणार. दोन्ही केलं तर ६८ टक्के. मग मधे थोडी चूकभूल झाली तरी चालते. माझं मत असं की एकच उपाय करायचा असेल तर वाफेचा करावा, पण या घरात दोन्ही करणं अवघड नव्हतं.

कपडे वाळवायला पुढच्या गॅलरीलगतची मोकळी जागा निवडली. तिथे खिडकीची फट उघडी, स्टँडवर पंखा, आणि आतल्या खोल्यांची दारं बंद. आजींची खोली या कामातून कायमची सुटली. वाफ कमी करायचं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, घ्यावं का असा प्रश्न आला. मी नको म्हटलं. उगम हातात असताना त्याच्यामागे यंत्र लावणं म्हणजे वीज जाळणं. जिथे बाहेरचीच हवा महिनोन् महिने दमट असते आणि खिडकी उघडून काही साधत नाही, तिथे ते यंत्र मोलाचं आहे.

कपाटात केलेले बदल सुताराचे अर्ध्या दिवसाचे होते. मागच्या भिंतीपासून दोन इंच पुढे उभ्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे कुणी कितीही रेटून सामान भरलं तरी ते भिंतीला टेकणार नाही. भरीव फळ्यांच्या मागच्या कडा तेवढ्याच कापल्या, त्यामुळे भिंतीलगत खालून वर हवेला वाट मिळाली. दारांना खाली आणि वर झडपांसारख्या तिरक्या पट्ट्यांच्या जाळ्या. खाली फळीने बंद केलेला जो पाया होता, त्यातही दोन जाळ्या. हा भाग लोक विसरतात आणि सगळ्यात गार हवा तिथेच अडकून बसते. जाळ्यांचं काम वाफ बाहेर घालवण्याचं नाही, खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोचवण्याचं आहे. हे कळलं की त्या कुठे बसवायच्या हेही आपोआप कळतं: भिंतीलगत वरपासून खालपर्यंत सलग वाट हवी, नुसत्या दारावर शोभेच्या नकोत.

भिंतीला आतून थर्माकोलचे तक्ते चिकटवायची सूचना एका ओळखीच्या कंत्राटदाराकडून आली होती. ती फेटाळली. आतून तक्ता लावला की मूळ भिंत आणखी गार पडते, आणि तक्त्याच्या सांध्यांतून वाफ मागे शिरली तर बुरशी दिसणार नाही अशा जागी वाढते. आतून करायचंच झालं तर कॅल्शियम सिलिकेटचे तक्ते भिंतीला पूर्ण चिकटवून लावावेत. ते ओल शोषून पुन्हा सोडतात आणि अल्कधर्मी असल्याने बुरशीला रुचत नाहीत. सगळ्यात चांगला उपाय भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर देण्याचा. तो एका कपाटासाठी कुणी करत नाही, पण इमारतीच्या बाहेरच्या गिलाव्याचं काम निघालं तर त्या वेळी जरूर बोलावं.

साफसफाई

ही मुद्दाम शेवटी. कारण न हटवता पुसलेली बुरशी परत येते, हे या घराने तीन वर्षं पाहिलं होतं.

डाग एकूण एखाद्या चौरस मीटरच्या आत होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ढोबळ नियम असा की दहा चौरस फुटांपेक्षा कमी क्षेत्र असेल तर घरच्या माणसांनी काळजी घेऊन साफ करायला हरकत नाही. त्याहून मोठं असेल, किंवा सांडपाण्यामुळे आलेलं असेल, तर जाणकार माणूस बोलवावा. आजींना सकाळी शिंका आणि खोकला व्हायचा, म्हणून त्या दिवशी त्यांना खोलीत थांबू दिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ओल आणि बुरशीचा श्वसनाच्या तक्रारींशी आणि दम्याशी संबंध मांडला आहे. मात्र 'एवढी बुरशी चालेल' असा आकडा दिलेला नाही. ठिपके काळे दिसले म्हणून मुलाने ती 'विषारी काळी बुरशी' आहे का, तपासणी करून घ्यावी का, असं विचारलं. रंगावरून जात ठरत नाही. ज्या स्टॅकीबोट्रिसची लोकांना भीती असते तिला सतत भिजलेला कागद किंवा जिप्सम बोर्ड लागतो. कोरड्या गार कोपऱ्यात ती सहसा नसते. आणि जात कुठलीही निघाली तरी करायचं तेच होतं. तपासणीवर खर्च करू नका म्हटलं.

एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. कोरडा ब्रश किंवा झाडू अजिबात नाही, त्याने बीजाणू घरभर उडतात. धुण्याच्या साबणाचं कोमट पाणी, फडकं ओलं करून पिळून पुसायचं, दर दोन पुसण्यांनंतर फडक्याची घडी बदलायची, शेवटी साध्या पाण्याने पुसून पंखा लावून वाळवायचं. ब्लीच वापरलं नाही. मेलेली बुरशीही ॲलर्जी देऊ शकते, म्हणून ती मारण्यापेक्षा उचलून काढणं महत्त्वाचं. ज्यांना वापरायचंच आहे त्यांनी ते अमोनिया किंवा आम्ल असलेल्या दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये कधी मिसळू नये, विषारी वायू तयार होतात.

सुती कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुतले. लोकरी कोट बाहेर उन्हात झटकून ड्रायक्लीनला दिला. चामडं ओलसर फडक्याने, मग पाण्यात पातळ केलेल्या अल्कोहोलने पुसून सावलीत वाळवलं आणि वर चामड्याचं क्रीम लावलं. अल्कोहोलने रंग निघतो का ते आधी आतल्या बाजूला पाहिलं होतं. तळाची एक एमडीएफची फळी फुगली होती. ती टाकून दिली, कारण फुगलेली एमडीएफ वाळली तरी मूळ आकाराला येत नाही आणि तिच्या भुशातली बुरशी पुसून निघत नाही. जुन्या फायलींचा एक गठ्ठाही गेला.

पुढच्या थंडीत

आर्द्रतामापक आता कपाटातच, उजव्या खालच्या कोपऱ्यात, भिंतीलगत ठेवलेला असतो. खोलीच्या मधोमध टांगलेल्या मापकाने हे दुखणं कधीच दाखवलं नसतं. पुढची थंडी आली तेव्हा तिथला आकडा बहुतेक दिवस साठ ते सत्तरच्या मधे राहिला. दोनदा तो ऐंशीच्या पुढे गेला: एकदा घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, एकदा सूनबाई गावाला गेल्यावर मुलाने कपडे पुन्हा आजींच्या खोलीत वाळत घातले तेव्हा. दोन्ही वेळी दोन-तीन दिवसांत उतरला, ठिपके आले नाहीत.

एक जागा अजून समाधानकारक नाही. पायाच्या पोकळीत, अगदी कोपऱ्यात, गारठलेल्या पहाटे भिंतीचं तापमान अजूनही पंधरा अंशांच्या आसपास जातं. तिथे काही ठेवायचं नाही असं ठरलं आहे, आणि थंडीत महिन्यातून एकदा आजी टॉर्च घेऊन जाळीतून बघतात. इमारतीच्या बाहेरच्या गिलाव्याचा विषय मुलाने बैठकीत मांडला आहे. चामड्याची ती मोठी बॅग मात्र वाचली नाही. अस्तराच्या आतपर्यंत वास मुरला होता.